उजव्या बाजूची कवडी

जोधपूर,
२ जून २०२४

ती. अक्कास,

युवराजचा नमस्कार. आप्पांना दंडवत सांग, ऐकून घेतलं तर.

आजकाल पत्रं कोण लिहितं म्हणून पोस्टमन हसतो, असं लिहिलंस. हसू दे त्याला. तुला फोनवर ऐकू येत न्हाय, तुझ्या बटणाच्या फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसतात, आणि मला गप्प बसवत न्हाय. मग पत्र न्हाय तर काय? समोर असतो तर तोंड तुझ्याकडं करून बोललो असतो आणि तू ओठ बघून सगळं ओळखलं असतंस, खोटंसुद्धा. कागदावर ती भीती न्हाय.

आठ महिने झाले मला इथं. सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात चार महिने टिकलो, हैदराबादला फरशी बसवायच्या कामात सहा, पुण्याच्या हॉटेलात तर दिवाळीपण न्हाय काढली. सातवीतून उठलेल्या माणसाला कुठंबी काम सारखंच, पण पाय कुठं ठरत न्हाय. इथं ठरलाय.

आमचं गोदाम म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानाएवढं. आत काय, तर पडलेली घरं. दारं, खिडक्या, खांब, तुळया, जाती, रांजण, पितळी घंगाळं. माणसं सोडून घरातलं सगळं. कर्नाटकातून येतं, तेलंगणातून येतं, आपल्याकडून पण येतं. आम्ही ते साफ करतो आणि मग ते हॉटेलात न्हायतर बंगल्यात जातं. दाराचं टेबल होतं. खिडकीत आरसा बसतो. बैलगाडीच्या चाकाला दिवे लावून ते छताला टांगतात. घंगाळात पाणी भरून गुलाबाच्या पाकळ्या सोडतात. जात्यावर निवडुंगाची कुंडी ठेवतात आणि लोक उभं राहून फोटो काढतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरंना. आता मलाबी ते छान दिसतं.

माझं काम जुना थर काढायचं. मागच्या आठवड्यात एक सागवानी चौकट आली, सुटी करून. तेल पिऊन पिऊन काळीकुट्ट, वजनाला लोखंड. वरच्या पट्टीवर कुंकवाचा एवढा थर की गणपतीचं नाक दिसत नव्हतं. डाव्या बाजूच्या खांबात कंबरेएवढ्या उंचीला चार कवड्या ओळीनं लाखेत बसवलेल्या, पिवळ्या पडलेल्या. आणि उजव्या बाजूला खाली, गुडघ्याएवढ्या उंचीला, एकटीच एक. ती पांढरी होती. पाचही मी पेचकसानं काढल्या. चार डब्यात टाकल्या. तसल्या कवड्यांचा आणि काचांचा एक मोठा डबाच आहे इथं, आरशांना चिकटवायला लागतात. पांढरी मात्र मला आवडली. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

मग चौकट दोन दिवस कॉस्टिकच्या पाण्यात बुडवली. कुंकू सुटलं तेव्हा अख्खं टाकं लाल झालं. तारेचा ब्रश मारला तर आतून लाकूड असं निघालं, जणू कालच कापलंय. शेठ स्वतः बघायला आले. मला पॉलिशच्या खात्यात घेतलं. सोमेश म्हणाला, "हात आहे तुझा." सोमेश म्हणजे माल गोळा करणारा, बिदरकडचा. मला इथं तोच घेऊन आला.

आप्पा माझं नाव काढतात का? काढत नसले तरी लिही.

तुझा,
युवराज


निंबाळवाडी पुनर्वसन, ता. लोहारा
१९ जून २०२४

चि. युवराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वी मिळालं. उत्तर लिहायला बसले की हात थांबत होता. तुझं पत्र यायच्या आधीच इथं एक गोष्ट घडली होती.

दरवर्षीप्रमाणं आप्पा मृगाच्या दिवशी नारळ आणि तेलाची बाटली घेऊन जुन्या गावात गेले. जेवणाच्या आत परत आले. पिशवीत नारळ तसाच. मी विचारलं, फोडला नाही का? म्हणाले, "कशावर फोडू?"

मी स्वतः जाऊन बघून आले. आपली चौकट नाही. जमिनीत दोन खड्डे आहेत, मधे उंबऱ्याची सरळ रेघ. पाटलांच्या दोन चौकटी आणि मारुतीजवळची तुळईपण गेली. जळकोटला मोठं लग्न होतं, सगळं गाव तिकडं, त्या दिवशी टेंपो आला. मेंढरं वळणाऱ्या म्हाताऱ्यानं बघितलं. टेंपोतला माणूस कानडी वळणाचं हिंदी बोलत होता. म्हणाला, गावातल्याच पोरानं सांगितलंय, ही लाकडं कुणाची नाहीत. युवराज, तुझा सोमेश बिदरकडचा ना?

ठाण्यात जाऊ म्हटलं. आप्पा म्हणाले, "जाऊन काय सांगू? दार चोरीला गेलं म्हणू? मग घर कुठाय इचारतील."

तुला त्या चौकटीचं कुणी नीट सांगितलंच नाही. आज सांगते. गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. आप्पा उडदाच्या राशीवर शेतात झोपलेले. मी सहा वर्षांची. मला आप्पांकडं जायचं होतं म्हणून मी दार उघडून उंबऱ्यावर उभी होते, आणि वरचं माळवद, सगळी माती आणि दगड, खाली आलं. चौकटीनं ते माझ्या अंगावर येऊ दिलं नाही. आई, कृष्णराज, रणधीर आणि धाकटी शिवरंजनी आत होते. मला दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. तेव्हापासून कानांनी ऐकू येत नाही. गावातल्या तुळया, खांब, दारं सगळी सरणाला गेली. लाकूड पुरत नव्हतं. लोक आपली चौकटपण मागायला आले तेव्हा आप्पा तिला मिठी मारून बसले. म्हणाले, हिनं माझी एक ठेवली, हिला जाळू देणार नाही. एकतीस वर्षं ते तिला तेल लावत आले. गावानं तिला कधी हात लावला नाही.

आता कवड्यांचं. आपल्या घरची रीत होती. लेकरू झालं की पाचव्या दिवशी भवानीच्या परडीतली एक कवडी काढायची आणि चौकटीत बसवायची, म्हणजे लेकरू या घरचं झालं. आपल्या चौकटीला चार कवड्या. एक माझी आणि तिघांच्या तीन. डाव्या बाजूला. तुझ्या पत्रात डावी बाजू वाचली आणि मी कागद खाली ठेवला. मग पुढं वाचलं की पाच होत्या. पत्र उराशी धरून कितीतरी वेळ बसले. आपली नव्हती ती. देवानं एवढं तरी राखलं.

आप्पांना तुझं पत्र दाखवलं नाही. ते पेरणीलाही उतरले नाहीत. सोमेशला विचार आणि खरं ते लिही.

तुझी अक्का,
शिवकांता


जोधपूर,
६ जुलै २०२४

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी घाम फुटला आणि मग गळ्यातलं ओझं उतरलं. पाच म्हणजे पाच. मी माझ्या हातानं काढल्यात, मोजायला चुकायला मी काय एवढा बिनडोक न्हाय. चार डाव्या बाजूला निघाल्या तो योगायोग. तसली रीत कुठंबी असंल, भवानी काय एकट्या आपल्या घरची आहे? आणि पाचवी उजव्या बाजूला खाली होती, पांढरी, नवी. मग ती चौकट आपली कशी?

सोमेशचं विचारतेस. बिदरकडचे पन्नास सोमेश असतील. आमचा तर मे महिनाभर तेलंगणात होता. मी त्याला विचारलं, तो म्हणाला निंबाळवाडी कुठं आहे तेच ठाऊक न्हाय. आणि गावातलं पोरगं म्हणजे मीच का? गावात काय पोरं कमी आहेत? दारू पिऊन पडणाऱ्या कुणीबी सांगितलं असंल.

मला एक सांग. तुम्ही दोघं दर तीस सप्टेंबरला तिकडं जायचात आणि मला घरी कुलूप राखायला ठेवायचात. नऊ वर्षांचा असताना एकदा मागनं आलो तर आप्पांनी बाभळीच्या फोकानं मारत परत आणलं होतं. साप आहेत म्हणाले. साप तुम्हाला चावत नव्हते का? माझी आई गेली तेव्हा मी दहाचा होतो. पार्वतम्मा म्हणून तिला गावात कोण ओळखत होतं, आप्पांची, कोंडीरामची, दुसरी बायको एवढंच. ती पण मला म्हणायची, आपण नंतरचे आहोत. त्या दाराचं मला आत्ता पंचविसाव्या वर्षी सांगतेस आणि वर खरं लिही म्हणतेस.

राग मानू नको. आप्पांना म्हणावं, मी इकडून त्याहून चांगली चौकट पाठवतो. नक्षीची. पितळी कड्या लावलेली.

युवराज


निंबाळवाडी पुनर्वसन,
२८ जुलै २०२४

चि. युवराज यास आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा आप्पा शेजारीच होते. त्यांना वाचता येतं, पण एकेक अक्षर लावत, दोन ओळींत दमतात, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवते. फोकाचं वाचलं, मान खाली घातली. पाच कवड्यांचं वाचलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"पाचवी कुठं व्हती म्हणून लिवलंय त्यानं?"

"उजव्या बाजूला. खाली. पांढरी होती म्हणतो."

आप्पा उठले आणि अंगणात गेले. भिंतीला धरून उभे राहिले. मग माझ्याकडं वळून, मला दिसेल असं तोंड करून, सावकाश बोलले. त्यांचे शब्द लिहिते.

"ती युवराजची हाय. त्यो झाला त्याच्या पाचव्या दिवशी म्या एकटा जाऊन बसवली. डाव्या बाजूला जागा व्हती, पर तिथं मेलेल्यांच्या व्हत्या. त्यांच्या ओळीला बसवायचं धाडस झालं न्हाय. म्हणून उजव्या अंगाला लावली, खाली. लेकरू वाढंल तशी वर सरकवू म्हणलं."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? मीपण दरवर्षी तिथं यायचे. म्हणाले, "तू डाव्या अंगाला डोकं टेकून रडायचीस. उजवीकडं कवा बघितलंस?" खरंय. आणि त्या बाजूला ते मुद्दाम तेलाचा हात कमी लावायचे, तिथं झेंडूची माळ सोडायचे.

पार्वतम्माला कळलं असतं की तिच्या लेकराची कवडी मेलेल्यांच्या दाराला लावली, तर तिनं तोंडात पाणी घेतलं नसतं. म्हणून गप्प राहिले. आणि तुला तिथं नेत नव्हते त्याचंही सांगितलं. "त्या दारातनं माझं चौघं गेले. त्याला त्या दारात उभं करायला माझा जीव व्हईना." मी म्हटलं, आप्पा, तिघं लेकरं आणि आई मिळून चौघं ना? तर म्हणाले, "व्हय, चौघं. पाचवा नको म्हणून."

म्हणजे तू साफ केलीस ती आपलीच चौकट होती.

तुला दोष द्यायला बसले नाही. तुला माहीत नव्हतं. पण ती कुठं आहे ते शोध. तीस सप्टेंबरच्या आत आली तर आप्पा जगतील असं मला वाटतं. रोज एकच भाकरी खातात, ती पण मी समोर बसले तर. आणि कवड्या जप. तुझी तुझ्या गळ्यात आहे हे ऐकून ते पहिल्यांदा बरं काहीतरी बोलले. म्हणाले, "बघ, त्यानं ओळखली. न सांगता ओळखली."

अक्का


जोधपूर,
१८ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,

उशीर झाला. चौकट सापडली.

गोदामातून ती जूनमध्येच गेली होती. वहीत आमच्या खुणेचा नंबर होता, त्यावरून काढलं. उदयपूरच्या रस्त्याला नवीन हॉटेल झालंय, तिथं. रविवारी बसनं गेलो. दारावरच्या फेटेवाल्यानं आत सोडलं न्हाय. गोदामाचा माणूस आहे, पॉलिश बघायला आलोय म्हटलं, तेव्हा मागच्या बाजूनं घेतलं.

जिथं लोक आत येऊन बसतात त्या मोठ्या खोलीत ती भिंतीला लावलीय. आत दार न्हाय, आरसा आहे. वरून पिवळा दिवा सोडलाय. गणपतीचं नाक लख्ख दिसतं. कवड्यांच्या जागी पितळी फुलं बसवलीत, चार तिकडं आणि सारखं दिसावं म्हणून चार इकडं. एक नवी नवरी समोर उभी राहून पदर नीट करत होती आणि नवरा फोटो काढत होता. ती बाजूला झाली तेव्हा आरशात मी दिसलो. आप्पा मला ज्या दारात उभं करत नव्हते त्या दारात.

खाली बघितलं तर उंबरा न्हाय. तिथल्या पोऱ्याला विचारलं, तो म्हणाला, आरसा जमिनीला टेकवायचा होता म्हणून कापला. टाकला का? टाकला न्हाय म्हणे, एवढं चांगलं लाकूड कोण टाकतं. मला दाखवायला घेऊन गेला. बाथरूममध्ये हात धुवायच्या भांड्यापाशी त्याची फळी केलीय. त्यावर साबण आणि घडी घातलेले पंचे ठेवतात. त्याच फळीवर तू उभी होतीस.

मॅनेजरला भेटलो. म्हटलं, ही आमच्या घरची आहे. त्यानं वर बघितलं आणि हसला. म्हणाला, "भाई, यहाँ हर चीज़ किसी के घर की है." खरं सांगितलं मग त्याला, भूकंपाचं, तुझं. त्यानं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, हे सगळं हिंदीत लिहून दे, आम्ही चौकटीशेजारी पाटी लावू, पाहुण्यांना असल्या गोष्टी आवडतात.

मी तिथून निघालो. शेठनापण विचारून बघितलं, विकलेला माल परत मागत न्हायत म्हणाले.

आता काय करू सांग.

युवराज


निंबाळवाडी पुनर्वसन,
२ सप्टेंबर २०२४

चि. युवराज,

आप्पांना सगळं वाचून दाखवलं, साबणाचं सोडून. ते म्हणाले, राहू दे. आरशात का होईना, माणसं तरी येतात तिच्यापुढं. जुन्या गावात नुसत्या बाभळी होत्या.

चौकट नको म्हणतात. फक्त तू ये. तीस तारखेला त्यांना तुला जुन्या गावात न्यायचंय. ते दोन खड्डे आहेत तिथं तुला उभं करायचं आणि तुझी कवडी तुझ्या हातानं मातीत ठेवायची, असं त्यांनी ठरवलंय. झेंडू सांगून ठेवलाय. काल दाढी केली. बाकीच्या चार मिळाल्या तर आण, नाहीतर नाही. तुझी मात्र आण.

तुझ्या मागच्या पत्रात कवडीबद्दल एक शब्द नाही. मी दोनदा बघितलं. आणि गावातल्या पोराचं काय, तेही तू टाळलंस.

अक्का


जोधपूर,
१६ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,

मी येत न्हाय.

हे पत्र आप्पांना वाचून दाखवू नको. तुझ्यासाठी आहे.

गावातलं पोरगं मीच. फेब्रुवारीत सोमेश म्हणाला, तुमच्याकडं भूकंपाच्या पडक्या गावांत जुना माल असंल, सांग कुठं आहे. मी कागदावर नकाशा काढून दिला. पाटलाच्या चौकटी कुठं, मारुती कुठं, सगळं. जळकोटच्या लग्नाची तारीखपण मीच सांगितली. तिथं एक आपली असंल हे मला ठाऊक होतं. कुठली ते ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं वाटलं न्हाय. उलट मनात आलं, नेऊ दे. मला घरी ठेवून ज्या दाराशी तुम्ही डोकं टेकता ते दारच नेऊ दे. मग बघू तीस तारखेला कुठं जाता. एवढं काळं मनात होतं. ती आली तेव्हा मी ओळखली न्हाय हे मात्र खरं आहे. आप्पांना वाटतंय न सांगता ओळखली. ते तसंच राहू दे.

आता कवडीचं. तू जूनमध्ये लिहिलंस की आपल्याला चारच होत्या. ते पत्र मी बाडमेरकडं माल पोचवायला जाताना ट्रकमध्ये वाचलं. एवढा आनंद झाला अक्का, की मला ती गळ्यातली कवडी नकोशी झाली. दुसऱ्याच्या घरची कशाला बाळगू म्हणून दोऱ्यातून ओढून काढली आणि खिडकीतून भिरकावली. ट्रक चालू होता. दोन्हीकडं नुसती वाळू. ड्रायव्हर म्हणाला, काय टाकलंस? म्हटलं, काय न्हाय, कचरा.

तुझं जुलैचं पत्र आल्यावर मी तीन रविवार तिकडं गेलो. कुठल्या दगडाजवळ टाकली तेबी आठवंना. सगळीकडं सारखंच दिसतं. वारा सुटला की तिथली वाळू जागा बदलते. एका बाईनं विचारलं काय हुडकतोस, तर सांगता येईना. इकडच्या बोलीत मला कवडीला काय म्हणतात ते येत न्हाय. बोटांनी दाखवलं. तिनं घरातून आणून मला एक दिली. घेतली न्हाय.

खोटी कवडी घेऊन यायचा विचार पण केला. पांढरीच असते, कोण ओळखतंय. मग वाटलं, आप्पा ती हातात घेतील, माझ्या हातात देतील, आणि तू समोर उभी राहून माझं तोंड वाचशील.

पार्सलनं डबा पाठवतोय. आरशांच्या कवड्यांचा तो अख्खा डबा, कामावर सांगून घेतलाय. त्यात हजारभर आहेत. तुझी, कृष्णराजची, रणधीरची, शिवरंजनीची, चारी त्यात असतील, वापरून संपल्या नसतील तर. मी ओतून बघितल्या. पिवळ्या लई आहेत, काहींच्या पाठीला लाख पण आहे. किती घरांच्या आहेत कुणास ठाऊक. मला तुमच्या ओळखू आल्या न्हायत. मी कधी जवळून बघितल्याच नव्हत्या.

आप्पांना सांग, सुट्टी मिळाली न्हाय. कवडी माझ्या गळ्यात आहे म्हणून सांग, न्हाताना पण काढत न्हाय म्हणून सांग. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल. पुन्हा काही मागणार न्हाय.

दोरा अजून गळ्यात आहे. काढायचा धीर होत न्हाय.

युवराज


निंबाळवाडी पुनर्वसन,
१ ऑक्टोबर २०२४

युवराज,

तुझं पत्र आणि डबा आला तेव्हा मी रेशनला गेले होते. पोस्टमननं आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी फोडलं. दोन दिवस वाचत होते. मी विचारलं, कुणाचं? म्हणाले, "थांब, माझं व्हऊ दे." पुरं झाल्यावर घडी घालून माझ्याकडं दिलं. डबा देवळीत ठेवलाय, झाकण न काढता.

काल तीस तारीख होती. झेंडू आणलेला होता, तो मी एकटीच घेऊन गेले. उजव्या खड्ड्यातही दोन फुलं टाकली. मी परत आले तेव्हा ते होते तसेच बसलेले होते.

संध्याकाळी मी म्हटलं, त्याला काय लिहू? त्यांनी तोंड माझ्याकडं केलं. मग म्हणाले, "लिव, कवडीचं म्या इचारणार न्हाय."

त्यानंतरही त्यांचं बोलणं चालू होतं, गाल हलताना दिसत होता. पण तोंड भिंतीकडं केलं होतं. मला वाचता आलं नाही.

शिवकांता